विस्तवाला परकं काही नाही

घरच्या घरी जाळीवर भाजण्याची, मसाले जुळवून पाहण्याची आणि चॉकलेटचे गोड पदार्थ करण्याची हौस आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली आहे, आणि तिच्याबरोबर तिच्यावरची टीकाही पोचली आहे. ही हौस बाहेरून आलेली आहे, आपल्या मातीतली नाही, ती आजीच्या हातची चव मोडीत काढते, असं म्हटलं जातं. तब्येतीचा मुद्दा निघतो, बायकांच्या कामात भर पडते असंही ऐकू येतं, आणि शेवटी, ज्या जिल्ह्यातली माणसं पोटासाठी कोयता घेऊन परमुलखात जातात तिथे चॉकलेटचे केक शोभतात का, असा सवाल येतो. यातले पुढचे आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांना गंभीरपणेच उत्तर द्यायला हवं. पहिला आक्षेप मात्र मला मुळातच चुकीचा वाटतो. बाकीच्यांना बळ मिळतं ते त्याच्याकडून, कारण एकदा एखादी गोष्ट परकी ठरवली की तिच्यातला प्रत्येक दोष दुप्पट दिसायला लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे की भाजण्याची विद्या हा मराठवाड्याच्या स्वयंपाकाचा कणा आहे. जाळीवरची कोंबडी, भाजून कुटलेला मसाला आणि कोकोच्या भाजलेल्या बीपासून केलेला गोड पदार्थ ही त्या एकाच विद्येची रूपं आहेत. तेलगावसारख्या गावात ही हौस रुजली तर त्यात नवल नाही. ती तिथे आधीपासून होतीच, तिला फक्त नवी सामग्री मिळाली.

तेलगाव धारूर तालुक्यात आहे. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते तिथे एकमेकांना छेदतात, आणि लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना तिथलाच. एका बाजूला माजलगाव धरणाच्या पाण्यावरचा ऊस, दुसऱ्या बाजूला बालाघाटाच्या डोंगररांगेतली कोरडवाहू जमीन, कापूस, ज्वारी आणि सीताफळं. या मुलखात थंडीच्या दिवसांत शेताच्या बांधावर काय चालतं ते नीट पाहिलं, तर ‘ग्रिलिंग ही शहरी चैन’ हे वाक्य तिथेच गळून पडतं. शाळू दाण्यात भरतो पण अजून टणक झालेला नसतो, तेव्हाचे चार-आठ दिवस हुरड्याचे. दाणा दुधात असताना तोडला तर भाजताना पचपचीत होतो. उशीर झाला तर साखर पिठात बदललेली असते आणि दाणा दाताला चिवट लागतो. मधली नेमकी वेळ कणीस दाबून ओळखावी लागते. मग जमिनीत उथळ खड्डा घेऊन गोवऱ्यांची आगटी करायची. ज्वाळ संपून राखेखाली लाल विस्तव राहिला की कणसं त्यात खुपसायची. ज्वाळेवर धरली तर कूस जळते आणि आतला दाणा कच्चा राहतो. राखेतल्या विस्तवात कणीस स्वतःच्याच ओलाव्यावर वाफारतं आणि बाहेरून खरपूस होतं. बाहेर काढल्या काढल्या तळहातावर चोळायचं, फुंकून कूस उडवायची. म्हणून गुळभेंडी, सुरती अशा वाणांना हुरड्यासाठी वेगळा मान आहे: दाणा गोड असतो आणि कूस सहज सुटते. आता ज्वाळ आणि विस्तव यांतला फरक, सरळ आच आणि आडून मिळणारी आच यांतला फरक, पदार्थ आतून ओला ठेवून बाहेरून खरपूस करण्याची युक्ती, हे सगळं परदेशातल्या ग्रिलच्या पुस्तकांत पहिल्या प्रकरणात असतं. आमच्याकडे ते आगटीभोवती बसलेल्या दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं.

हुरड्याचं कौतुक सगळेच करतात, हुरडा पार्ट्यांचे फलक आता महामार्गावर लागतात, म्हणून तो एकच दाखला पुरेसा नाही असं कुणी म्हणेल. मग वांग्याकडे पाहा. कापसाच्या पट्ट्यात वेचणी संपली की पऱ्हाट्या उरतात, आणि पऱ्हाटीचा जाळ झटकन भडकून झटकन निवतो. त्या जाळावर भाजलेल्या वांग्याच्या सालीला जो धुरकट वास येतो तो गॅसच्या शेगडीवर येत नाही, हे खानदेशातही मानलं जातं, आणि तिथल्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. किंवा येसर घ्या. गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, खोबरं, मिरच्या आणि खडे मसाले वेगवेगळे, प्रत्येकाच्या अंगाप्रमाणे कमी-जास्त भाजायचे आणि मग एकत्र दळायचे. हे दळलेलं पीठ आमटीला चवही देतं आणि दाटपणाही. सगळं एकदम कढईत टाकून भाजलं तर खोबरं जळतं आणि गहू कच्चा राहतो. म्हणून दर घरचा येसर वेगळा, आणि शेजारणीच्या येसराची चौकशी हा मराठवाड्यातल्या गप्पांचा फार जुना विषय आहे. ‘सीझनिंग’ म्हणून जे आज उत्साहाने बोललं जातं, कोणता मसाला कधी घालावा, आधी भाजावा की वरून भुरभुरावा, मीठ आधी चोळावं की नंतर, ते या गप्पांपेक्षा निराळं काय आहे? दगडफूल तेलात परतल्याशिवाय काळ्या मसाल्याला वास येत नाही हे माहीत असलेल्या बाईला ओरेगॅनो तव्यावर क्षणभर गरम करून मग चुरडावा हे शिकवावं लागत नाही.

‘आपली परंपरा’ म्हणणाऱ्यांना माझा खरा प्रश्न पुढचा आहे. कुणाची परंपरा? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आणि त्या राज्यात आजचा बराचसा मराठवाडा मोडत होता. ग्रंथातल्या अन्नभोगाच्या भागात मांसाला हिंग, मीठ, मिरी, आंबट रस लावून ते शुळांवर खोचून निखाऱ्यांवर भाजण्याच्या कृती आहेत. म्हणजे मुरवणं, सळईवर ओवणं, विस्तवावर फिरवणं हे सारं नऊशे वर्षांपूर्वी इथे लिहून ठेवलेलं आहे. पुढे 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. बीड, औरंगाबादच्या मोहल्ल्यांमधली शेगडीवरची सीख आणि नान-खलिया ही त्या इतिहासाची चव आहे, आणि ती मराठवाड्याचीच आहे. आणि राजवाडा-मोहल्ल्याच्याही पलीकडे, गावकुसाबाहेर, मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या निखाऱ्यावर भाजून खाल्ल्या जात होत्या. शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या अन्नाची नोंद केली, तोवर मराठी पाककृतींच्या कपाटात या चवीला जागाच नव्हती. ज्यांना जाळीवर भाजणं परकं वाटतं, त्यांच्या परंपरेत ही तिन्ही अन्नं धरलेली नसतात, हे मी कटू असूनही स्पष्ट सांगतो. परंपरा अर्धी कापून घ्यायची आणि उरलेल्या अर्ध्याला विलायती म्हणायचं, हा न्याय नव्हे.

तरीही चॉकलेट तर नक्कीच बाहेरचं, असं उत्तर येईल. हो, बाहेरचं. कोकोचं झाड दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत त्याच्या बियांचं कडू पेय, कधी मिरची घालूनसुद्धा, युरोपीय तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून लोक पीत होते. पण मग त्याच खंडातून आलेल्या मिरचीचं काय करायचं? सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती इकडे आली. ठेचा म्हणजे अस्सल मराठवाडी जेवण, आणि त्यातली मिरची अमेरिकेची, शेंगदाणाही अमेरिकेचा. बटाटा, टोमॅटो, मका, पेरू, पपई यांची गोष्ट तीच. आणि बीड जिल्ह्यातल्या वाचकाला सर्वांत जवळचं उदाहरण म्हणजे सीताफळ. धारूरच्या डोंगरावरचं सीताफळ या जिल्ह्याची ओळख आहे, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि वनस्पतीशास्त्र या झाडाचं मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेत मानतं. चारशे-साडेचारशे वर्षांत ते बालाघाटाच्या मुरमाड उतारावर असं रुजलं की त्याला परकं म्हणायला कुणाची जीभ धजावणार नाही. कोकोसुद्धा भारतात नवखा नाही. केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूमध्ये नारळ-सुपारीच्या सावलीत त्याची लागवड होते. सुपारी-कोको उत्पादकांची 1973 मध्ये मंगळुरूत उभी राहिलेली ‘कॅम्पको’ ही सहकारी संस्था 1986 पासून पुत्तूरला स्वतःच्या कारखान्यात चॉकलेट बनवते. सहकारी साखर कारखाना ज्या गावाचा श्वास आहे त्या गावाला सहकारी चॉकलेट कारखाना परका का वाटावा? मालाचा जन्म कुठे झाला हा प्रश्न स्वयंपाकात कधीच निर्णायक नव्हता. त्याला कसं हाताळलं, हा होता.

आणि हाताळण्यात तर नातं फारच जवळचं आहे. कोकोची बी झाडावरून काढली तेव्हा तिला चॉकलेटचा वास नसतो. ती गरासकट काही दिवस आंबवतात, वाळवतात आणि मग भाजतात. आंबवण्यात तयार झालेली अमिनो आम्लं आणि शर्करा भाजताना एकमेकांशी क्रिया करतात आणि तेव्हा कुठे तो वास जन्माला येतो. लुई कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. खोबऱ्याचा काप तव्यावर तांबूस होतो, भाकरीला पापुद्र्यावर डाग पडतात, कोंबडीची कड खरपूस होते, येसराचा गहू सुटा होऊन घमघमतो, तेव्हा हीच क्रिया चालू असते. आता हे तेलगावच्या साखरेशी जोडून पाहा. कारखान्यात रस आटवताना त्याला तांबूस होऊ न देणं हीच सगळी कसरत असते. निर्वात भांड्यात दाब कमी करून रस सत्तर अंशांच्या आसपासच उकळवतात, म्हणजे साखर जळत नाही, रंग येत नाही, पांढरे स्फटिक मिळतात. गुऱ्हाळात याच्या नेमकं उलट. तिथे उघड्या काहिलीत, भेंडीच्या चिकाने मळी काढत, रस शंभर अंशांच्या वर, एकशे पंधरा-वीसपर्यंत नेतात, आणि त्या भाजण्यातूनच गुळाला रंग आणि चव येते. साखर पांढरी करताना जी चव काढून टाकली, ती कॅरमल करणारी बाई घरच्या कढईत परत आणते. कोरड्या कढईत साखर मंद आचेवर वितळवायची, ती सोनेरी होऊन मधाच्या रंगावर आली की लगेच दूध किंवा लोणी घालून आच तोडायची. आणखी अर्धा मिनिट राहिली की कडू. ही अर्ध्या मिनिटाची जाण काहिलीजवळ उभ्या राहणाऱ्या गुळव्याला असते. चाचणी म्हणून पाक पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत धरून पाहणं दोघांचंही सारखंच.

तब्येतीचा आक्षेप मी उडवून लावणार नाही. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या सहभागाने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण आहेत, म्हणजे प्रौढांमध्ये शंभरातले 11 हून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये मोकळ्या साखरेचं प्रमाण रोजच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली, म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे 50 ग्रॅमच्या आत आणि जमल्यास त्याच्याही निम्म्यावर ठेवायला सांगितलं आहे. याच्यापुढे चॉकलेटच्या केकचं समर्थन कसं करायचं? असं की मधुमेहाकडे नेणारी साखर सणावारी केलेल्या केकपेक्षा रोजच्या चहात, बिस्किटांच्या पुड्यात, थंड पेयाच्या बाटलीत जास्त असते, आणि त्या साखरेचं माप खाणाऱ्याला दिसत नाही. घरी करणाऱ्याला वाटीभर साखर डोळ्यांदेखत पडताना दिसते. एकदा ती दिसली की पुढच्या वेळी पाऊण वाटी करून पाहावीशी वाटते. केलेल्या पदार्थाबद्दल एकमेकींशी बोलणाऱ्या बायका प्रमाणाबद्दलच तर बोलत असतात.

भाजण्याबद्दलची धास्ती जास्त खरी आहे. फार जास्त तापमानावर मांस भाजलं की त्यात हेटेरोसायक्लिक अमिन्स बनतात, आणि चरबी निखाऱ्यावर टपकून धूर झाला की त्या धुरातून कर्करोगाशी जोडलेले हायड्रोकार्बन मांसावर बसतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक आणि तांबडं मांस बहुधा कर्करोगकारक ठरवलं. पिष्टमय पदार्थ करपले की ॲक्रिलामाइड बनतं, हे 2002 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. हे सगळं खरं असूनही त्यातून ‘भाजू नका’ हा निष्कर्ष निघत नाही, ‘करपवू नका’ हा निघतो. आणि करपू न देण्याचे उपाय आपल्याच घरात आहेत. दही, लिंबू, लसूण, हळद लावून मुरवलेल्या मांसात ही अमिन्स कमी बनतात, असं अभ्यासांत आढळलं आहे. कोंबडी दह्यात ठेवणारी गृहिणी चवीसाठी जे करते ते तब्येतीसाठीही उपयोगी पडतं. वांग्याची काळी साल आपण काढूनच टाकतो. आगटीत ज्वाळ उतरल्यावर कणीस घालतो, ज्वाळेत नाही. खरी भीती धुराची आहे आणि ती ग्रिलपेक्षा चुलीशी जास्त जोडलेली आहे. पिढ्यान्‌पिढ्या बंद घरात ओल्या लाकडांच्या धुरात बायकांचे डोळे आणि फुप्फुसं जळाली. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली ती याच कारणाने. म्हणून कोळशाची शेगडी खोलीत, दारं लावून पेटवू नये, हे मी बजावून सांगेन. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. गच्ची, अंगण, बांध, जिथे वारा वाहतो तिथेच विस्तव मांडावा.

चॉकलेटवर एक आक्षेप मात्र टीकाकार कधीच घेत नाहीत, आणि तो घ्यायला हवा. घरोघरी ‘चॉकलेट’ म्हणून जे वापरलं जातं ते बऱ्याचदा चॉकलेट नसतंच. कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं, म्हणून चॉकलेट जिभेवर विरघळतं. बीड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. दुकानातली वडी दुपारपर्यंत लोण्यासारखी होते, रात्री पुन्हा घट्ट होताना तिच्यावर पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. ती बुरशी नसते, वर आलेलं कोको बटर असतं, पण गिऱ्हाईक घाबरतं. त्यामुळे दुकानदार कंपाउंड ठेवतो. त्यात कोको बटरऐवजी पामच्या बियांचं किंवा दुसरं हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असतं. ते उन्हात टिकतं, स्वस्त असतं, त्याला ठरावीक तापमानावर तापवण्या-निववण्याचं टेम्परिंग लागत नाही, आणि तोंडात मेणासारखं चिकटतं. साच्यातल्या चॉकलेटसाठी ते सोयीचं आहे हे मान्य, पण वेष्टनावरची यादी वाचून, काय घेतो आहोत हे जाणून घ्यावं. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात, पहिलं नाव साखर आणि दुसरं वनस्पती तेल असेल तर कोकोची चव कुठून येणार? त्यापेक्षा गोडी नसलेली कोको पावडर घेणं कितीतरी चांगलं. ती उन्हात वितळत नाही, आणि तिच्याबरोबर गूळ घालता येतो. शिवाय या जिल्ह्याच्या मुख्य धान्याशी तिचं छान जमतं. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून भाकरीला ऊन पाणी लागतं आणि हलका, फुगणारा केक ज्वारीच्या पिठाचा होत नाही. पण चॉकलेटची दाट, ओलसर वडी, जिला ब्राउनी म्हणतात, तिला फुगण्याची गरजच नसते; अंडं किंवा दही आणि लोणी तिला धरून ठेवतात, आणि ज्वारीचा किंचित खरखरीत पोत कोकोच्या कडवट चवीबरोबर शोभतो. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं तेव्हा ज्वारीच्या भाषणांचा पूर आला होता. या वडीने ज्वारीचं जितकं भलं होईल तितकं त्या भाषणांनी झालं नाही.

बायकांच्या कामाचा मुद्दा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि तीच कामं करणारे पुरुष 97 मिनिटं. या पाच तासांत ग्रिल आणि केकची भर पडली तर हौस कुणाची आणि राबणूक कुणाची, हे विचारणं रास्त आहे. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. रोजची भाकरी थापणं हे बंधन आहे, ते न करून चालत नाही, आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही. आपल्या मनाने एखादा पदार्थ करून पाहणं, तो फसला तर शेजारणीला का फसला विचारणं, जमला तर शिकवणं, हे बाईच्या स्वतःच्या वेळेतलं, स्वतःच्या बुद्धीचं काम आहे. तिची राबणूक कमी व्हावी म्हणून तिच्या हौसेवर बंदी घालायची, हा उपाय उलटा आहे. भाकरीच्या पाच तासांतलं ओझं वाटून घ्या. जाळीवरचा स्वयंपाक तर पुरुषांना विस्तवाजवळ आणतो. गावजत्रेत हंड्यावर उभे राहणारे, आगटी राखणारे पुरुषच असतात, त्यांना आच कळते. मात्र कांदा चिरणं, मांस धुऊन मुरवणं आणि दुसऱ्या दिवशी जाळीवरची जळकी चिकटण घासणं हेही त्याच हातांनी व्हायला हवं. नाहीतर पुरुष अर्धा तास चिमटा फिरवणार आणि टाळ्या घेणार, मागचे तीन तास बाईच्या खात्यात. असं होत असेल तिथे टीका योग्यच आहे, आणि मी टीकाकारांच्या बाजूने आहे.

आता सर्वांत जड आक्षेप. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडायची. राहायला पाचटाची कोपी. बाई पहाटे उठून तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करून फडात उतरते. याच जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण 2019 मध्ये उघडकीला आलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या गोडीची किंमत ही आहे, तिच्या केकचं कौतुक करायचं का? या प्रश्नाने माझं मन हलतं. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. गरिबाच्या दुःखाचा दाखला देऊन गरिबाने चवीचा विचार करू नये असं म्हणणं हा फार जुना अन्याय आहे. पाटोळ्यांचं पुस्तक हाच अन्याय दाखवतं, की ज्यांच्या वाट्याला टाकाऊ आलं त्यांनी त्यातूनही चव काढली, आणि ती चव कुणी स्वयंपाक म्हणून मोजली नाही. तोडणी मजुराच्या घरातल्या पोरीला वाढदिवसाला कुकरात केलेला चॉकलेटचा केक हवा असेल, तर ती हौस कारखान्याच्या चेअरमनच्या घरातल्या हौसेपेक्षा तसूभरही कमी योग्य नाही. तोडणीचा दर वाढावा, उचलीचा फास सुटावा, बायकांना फडात संडास आणि दवाखाना मिळावा, या मागण्या साखरेच्या गोणीमागच्या माणसासाठी आहेत. त्या मागण्यांना कुणाच्या ताटातली गोडी कमी झाल्याने बळ येत नाही.

उलट, जो आपल्या हाताने करतो त्याला माल कुठून आला हे विचारावंसं वाटण्याची शक्यता जास्त. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथल्या मळ्यांवरची सर्वांत वाईट स्वरूपाची बालमजुरी संपवण्याचा करार मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी 2001 मध्ये केला. 2005 ची मुदत टळली, पुढच्याही टळल्या. 2024 मध्ये कोकोचा जागतिक भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला तेव्हाही तिथल्या शेतकऱ्याला सरकारने आधीच बांधलेला दर मिळत होता, बाजाराचा नव्हे. हंगामाच्या सुरुवातीला ठरलेला दर, मध्ये चढलेला बाजार, आणि चढलेले पैसे तिसऱ्याच्या हातात, हे गणित तेलगावच्या ऊस उत्पादकाला आणि तोडणी मजुराला कुणी समजावून सांगायला नको. फ्रान्समधल्या किंवा मुंबईतल्या खाणाऱ्याला ते पुस्तकातून कळतं. इथल्या माणसाला ते हाडातून कळतं. म्हणून कोको कुणी तोडला, किती मजुरीवर तोडला, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तेलगावच्या स्वयंपाकघराइतका क्वचितच कुणाला असेल. आणि साखरेबद्दलचा तोच प्रश्न तर त्या घरातून चालत जाऊन कारखान्याच्या फाटकाशी विचारता येतो.